रक्तात अनोळखी जिवाणू सापडला, तर त्याचं नाव कसं ठरवायचं?

मायक्रोबायोलॉजीत कामाला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. किनारपट्टीवरचं रुग्णालय, जुलै महिना, बाहेर संततधार. भातशेती करणारे एक काका दहा-बारा दिवसांचा ताप घेऊन दाखल झाले होते. मधुमेह जुना होता. ब्लड कल्चरची (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची) बाटली दुसऱ्या दिवशी फ्लॅग झाली, म्हणजे वाढ झाल्याचा इशारा मशीनने दिला. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून रंगवलेल्या नमुन्यात) ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे गुलाबी काड्या, मॅकॉन्की माध्यमाच्या प्लेटवर फिकट, लॅक्टोज न फोडणाऱ्या कॉलनी, ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह. आम्ही रिपोर्ट लिहिला : ‘स्यूडोमोनास स्पीशीज’. तीन आठवड्यांनी काका प्लीहेत गळू घेऊन परत आले आणि रक्तात पुन्हा तोच जिवाणू वाढला. पहिल्या वेळचा आयसोलेट (वेगळा काढलेला जिवाणू) एका टेक्निशियनताईंनी स्लँटवर (नळीतल्या तिरक्या माध्यमावर) जपून ठेवला होता, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून नीट तपासता आले. तो स्यूडोमोनास नव्हताच. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई होता, म्हणजे आजार मेलिऑइडोसिस. काका वाचले, पण ते तीन आठवडे त्यांना चुकीच्या औषधावर काढावे लागले आणि त्याला कारण आमचा कागद होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. मशीनने दिलेलं नाव हा फक्त दावा समजायचा. त्याला स्मिअर, प्लेट, टेबलावरच्या साध्या चाचण्या, सेन्सिटिव्हिटी (कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते) आणि पेशंटची हकीकत यांची साक्ष मिळाली, तरच ते रिपोर्टवर चढवायचं. एक साक्ष जरी फिरली, तरी थांबायचं. पुढची सगळी पद्धत या एका नियमाभोवती बांधलेली आहे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे टेक्निशियन, रेसिडेंट आणि छोट्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

पायरी १ : बाटलीत रक्त पुरेसं हवं

मोठ्या माणसाच्या रक्तात जिवाणूंची संख्या बरेचदा मिलिलिटरला एकसुद्धा भरत नाही. त्यामुळे ३ मिली रक्त घालून दुर्मीळ जिवाणूची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रौढांसाठी दर बाटलीला ८ ते १० मिली आणि दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून घेतलेले किमान दोन सेट, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. लहान मुलांत वजनानुसार कमी. त्वचेला क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावून ते पूर्ण वाळू द्यायचं. बाटलीचं झाकण उघडल्यावर आतलं रबर निर्जंतुक असेल असं धरून चालू नका, तेही ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

दोन सेटचा आग्रह मी धरते, कारण दुर्मीळ जिवाणूच्या बाबतीत पहिला प्रश्न नेहमी हाच येतो : हा खरा की त्वचेवरून आलेला? एकाच बाटलीत सापडलेल्या कोरिनेबॅक्टेरियमबद्दल वाद घालत बसावं लागतं. दोन वेगळ्या हातांच्या रक्तात तोच निघाला, तर वाद मिटतो.

फॉर्मवरची माहितीही याच पायरीत मागून घ्या. व्यवसाय, गुरंढोरं, कच्चं दूध, कुत्रा चावणं, चिखलपाण्यात काम, समुद्रात जखम, प्लीहा काढलेली आहे का, मधुमेह, सेंट्रल लाइन. ‘ताप’ एवढंच लिहिलेला फॉर्म आला तर मी वॉर्डला फोन करते. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढे दोन दिवस वाचतात.

पायरी २ : बाटली फ्लॅग झाली की स्मिअर, आणि तो सावकाश पाहायचा

बाटली बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. आत कोण आहे हे अजून आपल्याला माहीत नाही. ब्रुसेला आणि बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई हे दोघेही लॅबमध्ये काम करणाऱ्यांना लागण करू शकतात.

ग्रॅम स्टेनमध्ये आपण बहुतेक वेळा ‘जीएनबी’ (ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय) किंवा ‘जीपीसी इन क्लस्टर्स’ (घोसातले गोल, ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय) लिहून मोकळे होतो. दुर्मीळ जिवाणू इथेच पहिली खूण देतो, म्हणून आणखी एक मिनिट भिंगाखाली द्या. दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका, सेफ्टी पिनसारखा बॅसिलस दिसला, तर बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई मनात ठेवा. (हे दृश्य इतर काही जिवाणूंतही दिसतं, एवढ्यावर निकाल देऊ नका.) वाळूच्या बारीक कणांसारखे फिकट, इवलेसे कोकोबॅसिलाय (आखूड, गोलसर काड्या) विखुरलेले दिसले, तर ब्रुसेला. समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखी वळणं असली, तर कॅम्पिलोबॅक्टर. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या काड्या आणि हकीकतीत कुत्रा चावलेला असेल, तर कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस.

ग्रॅम स्टेन फसवतो, हेही लक्षात असू द्या. असिनेटोबॅक्टर जांभळा रंग धरून ठेवतो आणि ग्रॅम पॉझिटिव्ह कोकायसारखा वाटतो. उलट पेनिबॅसिलस आणि जुने झालेले बॅसिलस गुलाबी दिसतात. शंका आली की काचेवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी कालवा. ग्रॅम निगेटिव्ह असेल, तर अर्ध्या मिनिटात लूप वर उचलताना चिकट तार निघते. अगदी पाकाची एकतारी पाहावी तशी.

बाटली फ्लॅग झाली आणि स्मिअरमध्ये काहीच दिसत नाही, असंही होतं. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या पेशंटमध्ये मशीन खोटा इशारा देतं. पण तेवढ्यावर बाटली निगेटिव्ह ठरवू नका. सॅफ्रॅनिनने फिके रंगणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि ब्रुसेला नजरेतून निसटतात. काउंटरस्टेनला बेसिक फुक्सिन वापरून स्मिअर पुन्हा करा. अ‍ॅक्रिडीन ऑरेंज आणि फ्लुरोसंट मायक्रोस्कोप असेल तर त्याहून उत्तम.

स्मिअरचा निकाल लगेच फोनवर कळवायचा, नावाची वाट न पाहता. रक्तसंसर्गात तासांना किंमत असते.

पायरी ३ : प्लेट कोणत्या लावायच्या

मेंढीच्या रक्ताचं ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि मॅकॉन्की. पहिल्या दोन ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. इन्क्युबेटर नसेल तर मेणबत्तीची बरणी चालते. फक्त अ‍ॅनेरोबिक बाटलीत वाढ असेल, तर अ‍ॅनेरोबिक जारमध्ये वेगळी प्लेट लावा.

ब्लड बँकेतून मुदत संपलेलं मानवी रक्त आणून ब्लड अगार ओतण्याची सवय अनेक लॅबमध्ये आहे. ती सोडाच, असं मी कळकळीने सांगेन. त्या रक्तात प्रतिपिंडं असतात, सायट्रेट असतं, कधी दात्याने घेतलेल्या अँटिबायोटिकचा अंशही असतो. हिमोलिसिस नीट वाचता येत नाही आणि नाजूक जिवाणू वाढतच नाहीत. ज्या लॅबला दुर्मीळ जिवाणू ‘कधी सापडतच नाहीत’, तिथे प्लेट कशाची आहे हे मी आधी विचारते.

स्मिअरमध्ये साखळीतले कोकाय आहेत आणि ब्लड अगार मात्र कोरं, अशी वेळ आली तर प्लेटवर स्टॅफिलोकोकस ऑरियसची एक रेघ ओढा. रेघेच्या कडेकडेनेच सुईच्या टोकाएवढ्या कॉलनी उगवल्या, तर तो अबायोट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला. यांना पायरिडॉक्सल लागतं, ते शेजारच्या स्टॅफिलोकोकसकडून मिळतं. हृदयाच्या झडपेचा संसर्ग असलेल्या पेशंटमध्ये ही एक रेघ निदान हातात देते.

आणि प्लेट २४ तासांत फेकू नका. संशय असेल तर तीन ते पाच दिवस ठेवा, झाकणाच्या कडेला टेप लावून.

पायरी ४ : प्लेट वाचणं आणि टेबलावरच्या चार चाचण्या

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आमची चूक इथेच झाली होती.

बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेईची प्लेट पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही. ब्लड अगारवर गुळगुळीत, सायीच्या रंगाच्या लहान कॉलनी, कुठल्याही नॉनफर्मेंटरच्या (साखर न आंबवणाऱ्या जिवाणूच्या) असाव्यात तशाच. ४८ तासांनी ती पालटते. पृष्ठभाग कोरडा पडतो, किंचित धातूसारखी चकाकी येते. ७२ तासांपर्यंत मधून सुरकुत्या सुटतात, उन्हात सुकत घातलेल्या फुलाच्या पाकळ्या आखडाव्यात तशा. मॅकॉन्कीवर सुरुवातीला रंगहीन असलेल्या कॉलनी पुढे माध्यमातला रंग शोषून गुलाबीसर होतात आणि नवखा माणूस त्यांना लॅक्टोज फर्मेंटर समजतो. काकांची प्लेट आम्ही एकदाच, पहिल्या दिवशी पाहिली होती.

वास घेऊन जिवाणू ओळखायची जुनी सवय असेल, तर ती आजच बंद करा. याला मातीसारखा वास येतो असं वर्णन आहे, पण तो वास घेणं म्हणजे जिवाणू छातीत ओढणं.

आता चाचण्या. ऑक्सिडेज सगळ्यात आधी, आणि ती नेहमी ब्लड अगारवरच्या ताज्या कॉलनीतून. मॅकॉन्कीवरून केली तर फसते. निक्रोम तारेच्या लूपमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून लाकडी काडी किंवा प्लॅस्टिक लूप घ्या आणि १० सेकंदांत वाचा. मिनिटभराने निळा झालेला कागद पॉझिटिव्ह धरायचा नाही. कॅटलेज, इंडोल आणि युरिएज त्यानंतर. ब्रुसेलाचा युरिएज अनेकदा काही मिनिटांतच गुलाबी होतो. सावकाश वाढणारा, कॅटलेज-ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, मॅकॉन्कीवर सहसा न वाढणारा कोकोबॅसिलस असा झटकन युरिएज देऊ लागला, की हातातलं काम कॅबिनेटमध्ये हलवा.

टीएसआय (तीन साखरा आणि लोह घातलेल्या माध्यमाचा) स्लँट जुना वाटतो, पण त्याला मी सोडलेलं नाही. ग्रॅम पॉझिटिव्ह बारीक बॅसिलस आणि टीएसआयमध्ये काळा हायड्रोजन सल्फाइड, हे दृश्य एरिसिपेलोथ्रिक्सचं. मासे, कोंबड्या, डुकरं हाताळणाऱ्यांत तो येतो आणि त्याच्यावर व्हँकोमायसिन चालत नाही. तेव्हा ‘डिफ्थेरॉइड, बहुधा कंटॅमिनंट’ असं लिहून सोडून देणं पेशंटला महागात पडतं. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह नॉनफर्मेंटर आणि टीएसआय काळा, असं दिसलं तर शेवानेला. खाऱ्या पाण्यातली जखम विचारा.

पायरी ५ : तीन डिस्कची साक्ष

हा प्रयोग कुठल्याही लॅबला परवडतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह प्रत्येक नॉनफर्मेंटरवर जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम, कोलिस्टिन १० मायक्रोग्रॅम आणि को-अमॉक्सिक्लॅव्ह ३० मायक्रोग्रॅम या अँटिबायोटिकच्या तीन डिस्क ठेवा. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई पहिल्या दोघींना दाद देत नाही आणि तिसरीभोवती मात्र स्पष्ट झोन (वाढ नसलेलं वर्तुळ) देतो. स्यूडोमोनास एरुजिनोसाचं चित्र नेमकं उलटं : को-अमॉक्सिक्लॅव्हला रेझिस्टंट, कोलिस्टिनभोवती झोन. ‘स्यूडोमोनास’ नावाखाली कोलिस्टिन आणि जेंटामायसिन दोन्ही रेझिस्टंट असलेला आयसोलेट रुग्णालयाबाहेरून आलेल्या मधुमेही पेशंटच्या रक्तात मिळाला, तर पेन खाली ठेवा. एक अपवाद सांगून ठेवते : मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला संवेदनशील असलेले प्रकार मिळाले आहेत, त्यामुळे एका डिस्कवर संशय सोडून देऊ नये.

लॅटेक्स अ‍ॅग्लुटिनेशन किंवा लॅटरल फ्लो पट्टी उपलब्ध असेल, तर इथेच करा. टाइप थ्री सिक्रिशन सिस्टिमच्या जनुकावर आधारलेला पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून पाहणारी चाचणी), म्हणजे टीटीएस-१, हा पक्क्या खात्रीसाठी.

डिस्कची साक्ष दुसऱ्या एका पाहुण्यासाठीही उपयोगी पडते. ग्रॅम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, इंडोल पॉझिटिव्ह, किंचित पिवळसर, आणि व्हँकोमायसिनच्या डिस्कभोवती झोन? ग्रॅम निगेटिव्हला व्हँकोमायसिन लागू पडू नये. असं दिसलं तर एलिझाबेथकिंगिया. नवजात अर्भकं आणि आयसीयूतले पेशंट हे त्याचे नेहमीचे बळी. कार्बापेनेम (मेरोपेनेमसारखी औषधं) फोडणारी विकरं त्याच्या अंगचीच आहेत आणि कोलिस्टिनही चालत नाही. म्हणजे आयसीयूत ‘सगळ्यात वरचं’ म्हणून जे दिलं जातं, तेच निकामी.

पायरी ६ : मशीनला विचारा, पण उलटतपासणीसह

माल्डी-टॉफ हे यंत्र आता मोठ्या शहरांतल्या बऱ्याच लॅबमध्ये आहे. जिवाणूच्या, मुख्यतः रायबोसोमच्या, प्रथिनांचा २,००० ते २०,००० डाल्टनमधला आराखडा काढून ते साठ्यातल्या आराखड्यांशी जुळवतं. या तंत्राच्या पायाभूत कामासाठी जपानच्या कोइची तानाका यांना २००२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. काही मिनिटांत नाव येतं आणि इतक्या लवकर येतं, की विश्वास ठेवायचा मोह होतो.

ब्रुकरच्या यंत्रावर २.० किंवा जास्त स्कोअर म्हणजे स्पीशीज, १.७ ते १.९९ म्हणजे फक्त जीनस, त्याखाली काहीच नाही. स्कोअर कमी आला तर कॉलनीवर फॉर्मिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून पुन्हा करा, मग ट्यूबमध्ये इथेनॉल-फॉर्मिक अ‍ॅसिडने एक्स्ट्रॅक्शन. धोकादायक जिवाणूचा संशय असेल, तर एक्स्ट्रॅक्शन सुरुवातीलाच करा, म्हणजे जिवंत जिवाणू टार्गेट प्लेटवर जाणार नाही. फक्त स्कोअर पाहून उठू नका, खालची पूर्ण यादी वाचा. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर वेगवेगळ्या स्पीशीज जवळजवळ सारख्या स्कोअरने बसल्या असतील, तर यंत्र तुम्हाला सांगतंय की त्याला ठरवता येत नाही.

आता खरा मुद्दा. साठ्यात जे नाव नाही, ते यंत्र देऊ शकत नाही, मग ते शेजारच्याचं देतं. अनेक माल्डी साठ्यांत बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई नव्हता, कारण तो जैविक सुरक्षेच्या वेगळ्या यादीत ठेवला जात असे. परिणामी उत्तर यायचं ‘बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस’. हा मातीतला जिवाणू माणसाला क्वचितच आजारी पाडतो. भारतातल्या पेशंटच्या रक्तात तो आला की स्यूडोमॅलेई समजूनच पुढची पावलं टाका. व्हायटेक हे स्वयंचलित यंत्र स्यूडोमॅलेईला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणू शकतं, एपीआय-२०-एनई या किटने त्याला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम ठरवल्याच्या नोंदी आहेत. क्रोमोबॅक्टेरियमच्या कॉलनी सहसा गडद जांभळ्या असतात. समोरची प्लेट सायीच्या रंगाची आणि स्क्रीनवर ‘व्हायोलेशियम’, तर विश्वास प्लेटवर ठेवा. (रंगहीन क्रोमोबॅक्टेरियम असतो, पण तो अपवादातला अपवाद.)

एलिझाबेथकिंगियाचंही हेच झालं. २०११ मध्ये गँबियातल्या अ‍ॅनॉफेलिस डासाच्या आतड्यातून एलिझाबेथकिंगिया अ‍ॅनॉफेलिसचं वर्णन झालं. जुन्या साठ्यांत ते नाव नसल्यामुळे माणसांतले त्याचे कितीतरी आयसोलेट एलिझाबेथकिंगिया मेनिंगोसेप्टिका म्हणून नोंदले गेले. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात साथ आली, तेव्हा हे नाव सगळ्यांच्या कानावर गेलं. जीनसचं नाव एलिझाबेथ किंग या अमेरिकन जीवाणुशास्त्रज्ञ बाईंवरून पडलं आहे. कुणालाच नाव देता न आलेले आयसोलेट चिकाटीने वर्गवार लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव मला फार योग्य वाटतं.

ब्रुसेलाच्या बाबतीत तर गोंधळ दुहेरी आहे. काही जुनी किट त्याला मोरॅक्सेला किंवा ऑक्रोबॅक्ट्रम म्हणायची. त्यात २०२० मध्ये काही वर्गीकरणतज्ज्ञांनी ऑक्रोबॅक्ट्रमच्या स्पीशीज ब्रुसेला या जीनसमध्येच टाकल्या. आता रिपोर्टवर नुसतं ‘ब्रुसेला स्पीशीज’ आलं, तर ते गोठ्यातून आलेलं ब्रुसेलोसिस की कॅथेटरवरचा एक साधा पर्यावरणीय जिवाणू, हे डॉक्टरला कळणार कसं? उपचार आणि लॅबची सुरक्षितता, दोन्ही यावर अवलंबून. म्हणून इथे स्पीशीजपर्यंत जाणं आणि जुनं नाव सोबत लिहिणं मी सक्तीचं मानते.

पायरी ७ : साक्षी जुळल्या नाहीत, तर १६एस

१६एस रायबोसोमल आरएनएचं जनुक साधारण १,५०० बेसचं असतं आणि प्रत्येक जिवाणूत असतं. कार्ल वोज यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवून दिला. आपल्या कामासाठी पद्धत सरळ आहे : शुद्ध कॉलनी घ्या, २७एफ आणि १४९२आर प्रायमरने पीसीआर करा, दोन्ही दिशांनी सॅंगर सिक्वेन्सिंग करून घ्या. आलेख स्वतः उघडून पाहा. सगळीकडे एकावर एक दोन शिखरं दिसत असतील, तर बहुधा कल्चर मिश्र आहे आणि शुद्ध करण्यापासून पुन्हा सुरुवात.

जुळवणी करताना सार्वजनिक साठ्यातलं सगळ्यात वर आलेलं नाव उचलणं ही नेहमीची चूक. तिथे कुणीही कुठल्याही नावाने नोंद करू शकतं. शोध टाइप स्ट्रेनपुरता (स्पीशीजच्या अधिकृत नमुन्यांपुरता) मर्यादित करा. ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल, तर ती ज्ञात स्पीशीज नसण्याची शक्यता मोठी. त्याच्या वर असेल तरी खात्री नाही, कारण काही भावंडं १६एसमध्ये जवळपास जुळी आहेत. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई आणि मॅलेई, ई. कोलाय आणि शिगेला, न्यूमोकोकस आणि मायटिस गट, बॅसिलस सीरियस आणि अँथ्रॅसिस. यांना १६एसने वेगळं करायला जाऊ नका. तिथे आरपीओबी, जायरबी किंवा रेकए अशी दुसरी जनुकं किंवा थेट संपूर्ण जीनोम लागतो. जीनोमवर ९५-९६ टक्के सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ही स्पीशीजची सीमा मानली जाते.

ही सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते आणि ती असायला हवी असंही नाही. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली एनसीएमआर हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा दुसरा संग्रह आहे. जवळचं वैद्यकीय महाविद्यालयही अनेकदा मदत करतं. धोकादायक गटातला आयसोलेट ते घेतात का, हे आधी फोन करून विचारा. पाठवताना तिहेरी पॅकिंग. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई आणि रोगकारक ब्रुसेला यांचं कल्चर वाहतुकीच्या नियमांत अ वर्गात मोडतं, त्याचा क्रमांक यूएन २८१४. साध्या कुरिअरच्या पाकिटात प्लेट टाकून पाठवणं हा गुन्हा समजा.

पायरी ८ : खरा की कंटॅमिनंट, आणि एकाच आठवड्यात तिघांना कसा?

दुर्मीळ नाव आलं म्हणून ते खरं, असं नाही आणि त्वचेवरचं नाव आलं म्हणून ते खोटं, असंही नाही. स्टॅफिलोकोकस लगडुनेन्सिस हा कोएग्युलेज निगेटिव्ह स्टॅफच्या ढिगात लपतो आणि झडपा मात्र ऑरियससारख्या खातो. पीवायआर आणि ऑर्निथिन या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आले, तर त्याला वेगळा काढा.

एकाच वॉर्डात काही दिवसांत तीन-चार पेशंटच्या रक्तात राल्स्टोनिया किंवा बर्कहोल्डेरिया सेपेशिया निघाला, तर पेशंटकडे पाहण्याआधी सलाइन, हेपारिनचं द्रावण, अँटिसेप्टिकच्या उघड्या बाटल्या आणि ब्लड कल्चर घेण्याची जागा तपासा. हे जिवाणू पाण्यात आणि चक्क जंतुनाशकात तग धरतात. वॉर्डातली एक दूषित बाटली अर्धा डझन आयुष्यं धोक्यात घालू शकते आणि ते पहिल्यांदा लक्षात येतं ते आपल्या रजिस्टरमध्ये. म्हणून महिन्यातून एकदा रजिस्टर मागे उलगडून बघा.

पायरी ९ : रिपोर्ट आणि फोन

नाव पक्कं झालं की त्या नावाचा अर्थही डॉक्टरपर्यंत पोचला पाहिजे. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलायटिकस, जुना स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस, आणि क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम रक्तात सापडले, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधावा लागतो. ही एक ओळ रिपोर्टखाली लिहिली नाही, तर कोलोनोस्कोपी होतच नाही. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेईसाठी मी लिहिते : यकृत, प्लीहा, प्रोस्टेट आणि फुफ्फुसातली गळवं शोधा, सेफ्ट्रियाक्सोनवर विसंबू नका, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस, त्यानंतर को-ट्रायमोक्साझोल किमान तीन महिने, अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. दुसरा टप्पा अर्धवट सुटला की आजार उलटतो. पेशंटला बरं वाटायला लागतं, पेरणीचे दिवस येतात, गोळ्या बंद होतात. हे कारण डॉक्टरांना फोनवर बोलून सांगा, कागदावरून ते पोचत नाही.

सेन्सिटिव्हिटीत जपून. ज्या जिवाणूसाठी ब्रेकपॉइंटच (औषध लागू की नाही हे ठरवणाऱ्या सीमा) ठरलेले नाहीत, त्याचा झोन मोजून एस (संवेदनशील) किंवा आर (रेझिस्टंट) लिहिणं म्हणजे कागदावर खोटं लिहिणं आहे. सीएलएसआय या अमेरिकन मानक संस्थेचं एम-४५ पुस्तक कमी आढळणाऱ्या जिवाणूंसाठीच आहे. तिथेही सापडला नाही, तर एमआयसी (वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) द्या आणि ‘अर्थ लावण्याचे निकष उपलब्ध नाहीत’ असं स्पष्ट लिहा.

लॅबमध्ये कुणी कॅबिनेटबाहेर प्लेट हाताळली, कुणी वास घेतला, कुणाच्या हाताला जखम होती, याची त्याच दिवशी यादी करा. धोका मोठा असेल, तर स्यूडोमॅलेईसाठी २१ दिवस को-ट्रायमोक्साझोल आणि ब्रुसेलासाठी तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन-रिफाम्पिसिन अशी प्रतिबंधक औषधं देतात. टेक्निशियन कंत्राटी आहे म्हणून तिचं नाव या यादीतून गळता कामा नये.

एक गोष्ट आवर्जून सांगते. मेलिऑइडोसिस पहिल्यांदा ओळखला तो १९११ मध्ये रंगूनमध्ये, आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी, आणि १९१२ मध्ये त्यांचा लेख ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आला. तेव्हा रंगून ब्रिटिश हिंदुस्थानातच होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला. उडुपी-मंगळुरूपासून गोवा-कोकणापर्यंतच्या भिजलेल्या मातीतून हा जिवाणू पावसाळ्यात माणसांपर्यंत येतो, आणि आपण त्याला अजून ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ म्हणून परत पाठवतो.

पायरी १० : जपून ठेवा

रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हला जाते. त्याआधी १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथच्या दोन व्हायल भरा आणि उणे ७० किंवा ८० अंशांत ठेवा. तो फ्रीझर नसेल, तर न्यूट्रिएंट अगारचा स्लँट, वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन, खोलीच्या तापमानाला, कुलपात. लेबलवर पेशंटचं नाव नको, लॅब क्रमांक, तारीख, नमुना आणि तेव्हा दिलेलं नाव एवढं पेन्सिलने लिहा; मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. नाव चुकीचं ठरलं तर जुनं खोडू नका, त्याच्याखाली नवं लिहा. आमच्या त्या स्लँटवर ताईंच्या अक्षरात अजून ‘स्यूडोमोनास स्पी.’ आहे, आणि त्याच्याखाली माझ्या अक्षरात दुसरं नाव.